"स्वतःची काळजी घे" म्हणण्याआधी तिला चार तास सोडवा

कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की भेटायला आलेले निघताना, दारात चपला घालता घालता हमखास म्हणतात, "आणि तू पण स्वतःची काळजी घे गं, तू आजारी पडलीस तर यांचं कोण करणार?" मनापासूनच म्हणतात, त्यात खोट काही नाही. पण ऐकणारीच्या बाजूने बघा जरा. सकाळपासून ती जे काही करतेय त्यात हे आणखी एक काम वाढलं आणि ते जमलं नाही तर दोषही तिचाच. वर मोबाईल उघडला की रील्स आहेतच, मी-टाइम काढा, सकाळी वीस मिनिटं मेडिटेशन करा, डायरी लिहा, भरपूर चाला, सात-आठ तास सलग झोपा. सलग झोपा! ज्या घरात रात्री दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलावी लागते तिथे सलग झोप कोणी घ्यायची आणि कशी, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

माझं म्हणणं असं आहे की काळजी घेणाऱ्या माणसाची तब्येत त्याच्या चांगल्या सवयींवर फार कमी अवलंबून असते आणि त्याला सोडवायला दुसरं माणूस किती वेळ येतं यावर फार जास्त. दुसरं माणूस आलं की झोप मिळते, झोप मिळाली की चिडचिड कमी होते, मग स्वतःचं बीपी तपासून घेणं, चालायला जाणं, मैत्रिणीला फोन करणं हे सगळं आपोआप जमायला लागतं, त्यासाठी कोणी काही शिकवावं लागत नाही. आणि हे दुसरं माणूस पुरवणं ही एकट्या त्या घराची जबाबदारी नाही, ती सरकारची आहे, महापालिकेची आहे, नोकरी देणाऱ्यांची आहे आणि हो, लांब राहणाऱ्या भावाबहिणींची पण आहे.

अरुणा शानबाग हे नाव आपल्याकडे बहुतेकांना इच्छामरणाच्या केसमुळे माहीत आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलमध्येच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, त्यांचं सगळं केईएमच्या नर्सेसनी केलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा कोर्टाने त्या सेवेचं तोंडभरून कौतुक केलं होतं. इतकी वर्षं अंथरुणात असून त्यांना बेडसोर (सतत पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नव्हता, ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांनाच कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे. त्या नर्सेसबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे जी फारशी कोणी बोलत नाही, की हे ४२ वर्षांचं काम कुठल्याही एका बाईने केलेलं नाही. तिथे पाळ्या होत्या. सकाळची नर्स दुपारच्या नर्सला सगळं सांगून घरी जायची, तिला पगार होता, रजा होती, जुन्या रिटायर झाल्या तशा नव्या आल्या आणि त्यांनी ते पुढे चालू ठेवलं. त्यांची माया खरीच होती, पण ती इतकी वर्षं टिकली याचं मोठं कारण माझ्या मते हे आहे की ड्यूटी संपली की त्यांना घरी जाता येत होतं.

आता तेच काम टू बीएचके फ्लॅटमध्ये आणा. तिथे एकच बाई आहे, तिची दुपारची पाळी नाही, रात्रीची पण नाही, कारण तिन्ही पाळ्या तिच्याच आहेत.

माझ्या आईला पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू पूर्ण गेली, त्यानंतर आमच्याकडे रात्र कशी असायची ते सांगते म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते समजेल. बाराला अलार्म, दोनला अलार्म, चारला अलार्म. उठायचं, अंगाखालची दुमडलेली चादर धरून तिला कुशीवर वळवायचं, पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी, टाच गादीला घासत नाही ना ते बघायचं, मग मोबाईलच्या टॉर्चने माकडहाडाजवळ कुठे लाल झालंय का ते बघायचं, कारण तिथेच पहिल्यांदा कातडी सोलवटते आणि एकदा सोलवटली की महिनोन्महिने ड्रेसिंग. युरिन बॅग किती भरली, नळी अंगाखाली अडकली नाही ना, नाकातली ट्यूब ओढली गेली नाही ना. डायपर ओला असेल तर ते सगळं परत. हे करायला वीस मिनिटं लागतात आणि नंतर झोप लगेच येत नाही, येते तेव्हा पुढचा अलार्म वाजतो. सकाळी ट्यूबमधून फीड द्यायचं, ते आधी गाळून घ्यायचं नाहीतर ट्यूब चोंदते, फीड देताना डोक्याची बाजू उंच आणि दिल्यावर अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. हे सगळं झाल्यावर ऑफिस. मी नोकरी टिकवू शकले ते माझ्या सहनशक्तीमुळे नाही, तर माझी मावशी रिटायर झालेली होती आणि आठवड्यातल्या तीन रात्री ती आमच्याकडे झोपायला यायची म्हणून. ती तीन रात्री आली नसती तर मी कितीही मेडिटेशन केलं असतं तरी उपयोग नव्हता, हे मी अगदी खात्रीने सांगते.

आणि मी तर तेव्हा चाळिशीत होते. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, वय पंच्याहत्तरच्या आसपास, काकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, मुलगा कॅनडात. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदम साधं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी सोडतात, पण नंतर काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. आणि काका तर संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात, घरी जायचंय म्हणतात, दाराची कडी काढायला बघतात, अडवलं तर हात झटकतात. मग काकूंनी ते ऑपरेशन पुढे ढकललं, परत ढकललं, आता त्यांना गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचता येत नाहीत, रंगावरून ओळखतात. काकांची गोळी चुकली तर काय होईल याची त्यांना सतत धास्ती असते. अशा बाईला आपण स्वतःची काळजी घ्या म्हणून सांगणार? त्यांना काय करायचंय ते त्यांना पक्कं माहीत आहे, डॉक्टर ठरलाय, पैसे बाजूला काढलेत. पंधरा दिवस काकांजवळ कोणीतरी थांबायला हवंय, अडलंय ते तेवढ्यावर.

आपल्या देशात ६० वर्षांवरच्या लोकांमध्ये डिमेन्शिया असणारे सुमारे ८८ लाख असावेत असा अंदाज काही वर्षांपूर्वी एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून आला होता. त्यात पॅरालिसिस, पार्किन्सन्स, कॅन्सर, मानसिक आजार, विशेष मुलं धरलेली नाहीत. यातल्या जवळपास प्रत्येक माणसामागे एक दुसरं माणूस असतं, आणि ते कोण असतं हे सांगायला सर्व्हेची गरज नाही, तरी तोही आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी १३७ मिनिटं घालवतात आणि पुरुष ७५ मिनिटं. यात मुलांचं करणं पण आलं. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट वेगळी, त्याची बायकांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. आणि हे सरासरीचे आकडे, ज्या घरात अंथरुणातलं माणूस आहे तिथे सरासरी काय कामाची.

या विषयावर एक गोष्ट बोलायलाच हवी आणि ती बोलायला लोक घाबरतात, ती म्हणजे राग. ज्याचं करतोय त्याचाच राग येतो. चौथ्यांदा चादर बदलली आणि पाचव्यांदा ओली झाली की राग येतो, भरवताना तोंड घट्ट मिटून घेतलं की येतो, दिवसभर आपण करायचं आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या मुलाला बघून पेशंटच्या चेहऱ्यावर हसू उमटलं की तर फारच येतो. मग त्या रागाची लाज वाटते. आणि मनात कधीतरी येऊन जातं की आता सुटले तर बरं, आणि त्यानंतर रात्रभर झोप नाही. माणूस गेल्यावर लोक येतात, म्हणतात "सुटले हो बिचारे, आणि तूही सुटलीस", आणि ती बाई आतून कोसळते कारण तिला खरंच सुटल्यासारखं वाटलेलं असतं. मला सगळ्या शुभंकरांना सांगायचंय (आपल्याकडे पार्किन्सन्सच्या, स्किझोफ्रेनियाच्या गटांमध्ये काळजी घेणाऱ्याला हाच शब्द वापरतात) की हा राग तुमचं प्रेम कमी असल्याचं लक्षण नाही. महिनोन्महिने झोप न मिळालेलं शरीर असंच वागतं. कोणाही माणसाला इतके दिवस एकट्याला ड्यूटीवर ठेवलं तर तो असाच होईल.

लगेच कोणीतरी म्हणतं, अहो पण आपली संस्कृती आहे, आईवडिलांचं करण्यात कसला त्रास, पुंडलिकाने तर देवाला विटेवर उभं केलं. पुंडलिकाची गोष्ट मलाही अतिशय प्रिय आहे, वारीत चालताना ती आठवली की डोळे भरून येतात. पण त्या गोष्टीत मुख्य काय आहे बघा. देव दारात आला तरी पुंडलिक म्हणाला थांब, आणि देव थांबला. सेवा करणाऱ्याला जगाने थांबून वेळ दिला. आज आईचे पाय चेपणाऱ्या मुलीसाठी कोण थांबतं? बॉस थांबत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही, मुलाची दहावी थांबत नाही. पुंडलिकाचं उदाहरण द्यायचं असेल तर थांबण्याची तयारी आपण सगळ्यांनी दाखवायला हवी, नुसती सेवेची अपेक्षा नको.

कायद्यात बघायला गेलं तर करणाऱ्यावरची सक्ती स्पष्ट आहे आणि करणाऱ्याला आधार मात्र अगदी तुटपुंजा. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा मुलांना पोटगी द्यायला लावतो, वृद्धांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. हे हवंच, टाकून देणारे आहेत म्हणून कायदा करावा लागला. पण जे टाकून देत नाहीत, जे वर्षानुवर्षं उरापोटी करतात, त्यांच्यासाठी त्यात काय आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, म्हणजे तत्त्व सरकारने मान्य केलंय. पण आमच्या ओळखीतल्या किती घरांना असं काही मागता येतं हे माहीत होतं? एकालाही नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची समर्थ नावाची योजना आहे, काही दिवसांसाठी माणूस सांभाळायला देता येतं अशी केंद्रं त्यात आहेत, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना त्याचा उपयोग नाही.

रजेचं पण तसंच. बालसंगोपन रजा केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवस आहे, आपल्या राज्यात १८० दिवस, अतिशय चांगली गोष्ट. आईवडिलांसाठी काय, असं २०२५ मध्ये राज्यसभेत विचारलं गेलं तेव्हा उत्तर मिळालं की ३० दिवसांची अर्जित रजा आहे, ती वृद्ध पालकांसाठी वापरता येते. म्हणजे स्वतःचीच रजा. आणि हे सरकारी नोकरांचं, प्रायव्हेटमध्ये तर विचारायची सोय नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून प्रत्येक नोकरदाराला वर्षाला एक आठवड्याची काळजीवाहक रजा मिळते, बिनपगारी असली तरी हक्काची, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. जपानने तर २००० सालीच दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला, चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात आणि त्यातून म्हातारपणी दिवसभराचं केंद्र, घरी येणारी मदतनीस, काही दिवसांचा शॉर्ट स्टे असं सगळं मिळतं. जपान श्रीमंत आहे, मान्य. मग केरळ घ्या. तिथे २००८ पासून पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण आहे आणि ग्रामपंचायतीच्या मदतीने नर्स घरी येते, अंथरुणातल्या माणसाला बघते, कॅथेटर बदलते, घरच्यांना शिकवते. हे आपल्याच देशात चाललंय.

खर्चाचा मुद्दा लोक काढतात, पैसे कुठून आणायचे म्हणून. पैसे आत्ताही जातायत की. नोकरी सोडलेल्या मुलीचा बुडालेला पगार आणि पीएफ, पाठीचा मणका सरकलेल्या बायकोचं ऑपरेशन, वेळेत न तपासल्यामुळे वाढलेली शुगर, हा खर्च आहेच, फक्त तो कोणाच्या बजेटमध्ये दिसत नाही कारण तो त्या एका घराने गिळलेला असतो.

ज्यांना परवडतं ते पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी, म्हणजे पगारी मदतनीस, आणतात. पुण्या-मुंबईत चोवीस तासांची मावशी म्हणजे महिन्याला वीस हजारांच्या वरच, आणि त्यातला वाटा ब्युरो ठेवतो. इथे मला थांबून बोलावंसं वाटतं, कारण ही मावशी पण काळजी घेणारीच आहे. ती लातूर, बीड, यवतमाळकडून आलेली असते, तिची मुलं गावाला तिच्या आईकडे असतात, ती आमच्या आईची कूस रात्री बदलते तेव्हा तिची झोप मोडते. तिला आठवड्याची सुट्टी नसते, बदली माणूस मिळत नाही म्हणून सणालाही जाता येत नाही, झोपायची जागा पेशंटच्या पलंगाखाली. माझा आराम तिच्या झोपेतून काढायचा असेल तर आपण प्रश्न सोडवला नाही, फक्त स्वतःपेक्षा गरीब बाईकडे सरकवला. म्हणून मावशी ठेवताना चोवीस तासांची एक ठेवण्यापेक्षा बारा तासांची ठेवा, उरलेल्या बारा तासांत घरचे वाटून घ्या, आठवड्याची सुट्टी आधीच ठरवून द्या आणि तिचे पैसे कापू नका. हे जमत नसेल इतकं कोणी अडचणीत असू शकतं, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण जमत असून न करणारे खूप आहेत.

गटांचा फार उपयोग होतो हे आवर्जून सांगते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे, तिथे गेल्यावर पहिल्यांदा वाटतं की असं फक्त आपल्याच घरात नाहीये. रात्री अगदीच असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. पण मीटिंगला जायचं तरी दोन-तीन तास घरी कोण थांबणार, शेवटी गाडी तिथेच येते.

म्हणून नातेवाइकांना माझी विनंती आहे की "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "गुरुवारी दुपारी दोन ते सहा मी येतोय, तू बाहेर जा" असं म्हणा आणि दर गुरुवारी या. डायपर बदलायला शिका, पुरुषांनी पण, त्यात अवघड काही नाही, अर्ध्या तासात कोणीही शिकतं. कॅनडातल्या, पुणे सोडून गेलेल्या भावांनी नुसते पैसे पाठवून भागत नाही, पैसे हवेतच, पण वर्षातले पंधरा दिवस येऊन पूर्ण ताबा घ्या, त्या पंधरा दिवसांत बहिणीने घरात थांबायचं नाही. कंपन्यांनी मुलांच्या पाळणाघराची सोय मान्य केली तशी पालकांच्या देखभालीची रजा मान्य करावी, निदान दहा दिवस, सर्टिफिकेटच्या कटकटीशिवाय.

आणि महापालिकेकडे मागायचं ते असं. आपल्या शहरांत ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे पेपर असतो, कॅरम असतो, भजन असतं, चालत येऊ शकणाऱ्यांसाठी फार छान सोय आहे. पण ज्याला चालता येत नाही तो तिथे जात नाही आणि त्याला सांभाळणारी त्याची बायको पण जात नाही, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असलेली दोन माणसं बाहेरच. प्रत्येक वॉर्डात अशा एका केंद्राला रॅम्प करा, एक खोली द्या, चार पलंग, कमोड चेअर, दोन ट्रेनिंग घेतलेल्या पगारी मदतनीस, आठवड्यातून एकदा नर्सची फेरी, डिमेन्शियाची माणसं भटकू नयेत म्हणून दाराला नीट कडी, आणायला-सोडायला एक गाडी. सकाळी दहा ते चार. आमच्या वॉर्डातल्या केंद्राचा मागचा हॉल भजनाचे दिवस सोडले तर रिकामाच असतो, आम्ही सोसायटीतल्या सातआठ जणी या महिन्यात त्याच हॉलसाठी नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जाणार आहोत, आणि अर्जावर पहिली सही काकूंची आहे.